दातांवरील कंपोझिटचा थर आणि गुसलचे पाणी

पाकी ही इबादतीची पहिली पायरी आहे. नमाजचे स्वास्थ्य वुजूवर आणि गुसलवर अवलंबून असल्यामुळे, पाणी कोठे पोहोचले आणि कोठे पोहोचले नाही याची काळजी मोमिनच्या मनात असणे स्वाभाविक आहे. ही काळजी ईमानचीच खूण होय. मात्र काळजीला ज्ञानाचा आधार नसेल तर तिचे वसवशात रूपांतर होते, आणि वसवसा माणसाला इबादतीपासून दूर नेतो.

अलीकडे अशीच एक काळजी अनेक घरांत दिसून येते. पुढच्या दातांवर डाग असतात, एखाद्या दाताचा तुकडा उडालेला असतो, दोन दातांत फट असते. दंतवैद्य त्यावर दाताच्या रंगाचा कंपोझिटचा पातळ थर बसवितात. या थराला व्हिनियर म्हणतात. थर बसतो, मुलगी मोकळेपणाने हसू लागते, आणि काही दिवसांनी कोणीतरी तिला सांगते की, "तुझ्या दाताला आता पाणी लागत नाही, तुझे गुसल होत नाही." मग कोणी तीन-तीन वेळा गुसल करते, कोणी मागील नमाजांच्या कजाचा हिशेब मांडू लागते, तर कोणी आवश्यक उपचारही टाळते. म्हणून हा मसला मुळापासून समजून घेऊ या. त्यासाठी दोन गोष्टी जाणल्या पाहिजेत: शरीअतने नेमके काय फर्ज केले आहे, आणि हा थर दाताशी नेमका कसा व किती घट्ट जोडला जातो.

चूळ भरण्याचा हुकूम

सूरह माइदाच्या 6 व्या आयतीत वुजू, गुसल आणि तयम्मुम या तिन्हींचा उल्लेख आलेला आहे. वुजूसाठी चेहरा धुण्याचा आदेश आहे. समोरून दिसतो तो चेहरा. तोंडाचा आतला भाग त्यात मोडत नाही. म्हणून हनफी फिकहनुसार वुजूमध्ये चूळ भरणे सुन्नत आहे, फर्ज नाही. गुसलसाठी मात्र आयतीत उत्तम रीतीने पाक होण्याचा आदेश आहे. या शब्दाच्या जोरावरून हनफी फुकहांनी असे ठरविले की, शरीराचा जो जो भाग त्रासाशिवाय धुता येतो तो सर्व धुतला पाहिजे. तोंड आणि नाक त्रासाशिवाय धुता येतात, म्हणून गुसलमध्ये चूळ भरणे आणि नाकात पाणी घेणे फर्ज ठरले. डोळ्याच्या आत पाणी घालणे अपायकारक असल्यामुळे ते वगळले गेले.

शाफई फिकहमध्ये चूळ भरणे वुजूमध्येही सुन्नत आहे आणि गुसलमध्येही. मालिकी मतही असेच आहे. हंबली फिकहमध्ये ते दोन्हींत वाजिब मानले जाते. आपल्या महाराष्ट्रात रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कोकणी मुस्लिम समाज प्रामुख्याने शाफई आहे, तर मराठवाडा, विदर्भ आणि देशावरील बहुसंख्य कुटुंबे हनफी आहेत. म्हणून दातांवरील थराचा प्रश्न शाफई कुटुंबात गुसलच्या फर्जाशी संबंधितच राहत नाही. हनफी कुटुंबात तो राहतो. सासर हनफी आणि माहेर शाफई असलेल्या भगिनींनी हा फरक ध्यानात ठेवावा, म्हणजे एका घरात ऐकलेले उत्तर दुसऱ्या घरात गोंधळ माजविणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाक होण्याचा आदेश देणारी ही आयत ज्या ठिकाणी संपते, तेथेच अल्लाहने स्पष्ट केले आहे की, तुम्हाला अडचणीत टाकण्याचा त्याचा हेतू नाही. तुम्हाला पाक करण्याचा आहे. आदेश आणि सवलत एकाच आयतीत आहेत. पुढील सर्व विवेचन या दोन टोकांच्या मध्ये आहे.

थर दाताला कसा धरतो

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे इनॅमल. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. मानवी शरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही. त्याच्या आत डेंटिन असते. त्यात खनिज सुमारे 70 टक्के; बाकी तंतुमय भाग आणि पाणी. इनॅमल एकदा झिजले किंवा घासले गेले की पुन्हा उगवत नाही. हे दोन पदार्थ आणि त्यांच्यातील फरक ध्यानात ठेवा, कारण थराची सारी मजबुती त्यावरच ठरते.

कंपोझिट म्हणजे राळेसारखा कृत्रिम पदार्थ आणि त्यात मिसळलेली काचेची किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी. केवळ गोंदासारखा तो दाताला लावला असता तर चार दिवसांत गळून पडला असता. 1955 मध्ये मायकल ब्युओनोकोर या संशोधकाने दाखवून दिले की, फॉस्फोरिक आम्ल लावून इनॅमलचा पृष्ठभाग आधी खरखरीत केला तर राळ त्याला घट्ट धरते. पुढे राफेल बोवेन यांनी 1962 च्या सुमारास दातांसाठी योग्य अशी राळ विकसित केली. आजचे बहुतेक कंपोझिट या दोन शोधांवर उभे आहे.

आज दंतवैद्य दात स्वच्छ करून, लाळेपासून अलग ठेवून, त्यावर सुमारे 37 टक्के तीव्रतेचे आम्ल पंधरा ते तीस सेकंद लावतात आणि पाण्याने धुऊन टाकतात. वाळल्यावर तो भाग खडूसारखा पांढुरका दिसतो. त्या जागी केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असंख्य खळगे तयार झालेले असतात. मग पातळ राळ लावली जाते. ती त्या खळग्यांत उतरते. निळ्या प्रकाशाचा दिवा धरला की ती तेथेच कठीण होते. झाडाची मुळे मातीत रुतावीत तशी राळेची ही बारीक बोटे दातात रुतून बसतात. त्यावर कंपोझिटचे थर चढवून, प्रत्येक थर प्रकाशाने कठीण करून, शेवटी आकार व झिलई दिली जाते.

म्हणजे हा थर नखावरील पॉलिशसारखा वर पसरलेला नसतो. पॉलिश पुसता येते. हा थर काढायचा तर दंतवैद्याला यंत्राने घासूनच काढावा लागतो, आणि त्यात खालचे इनॅमलही दुखावण्याचा धोका असतो.

हा जोड किती पाणबंद असतो?

येथे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. इनॅमलवर, कोरड्या दातावर, काळजीपूर्वक केलेला जोड फार चांगला असतो. परंतु तो सर्वत्र आणि सर्वकाळ परिपूर्ण नसतो. त्याची चार कारणे आहेत.

पहिले, कठीण होताना कंपोझिट आकुंचन पावते. बहुतेक प्रकारांत हे आकुंचन आकारमानाच्या सुमारे 2 ते 3 टक्के असते. थर आक्रसताना कडेला ताण येतो आणि जोड कच्चा असेल तर तेथे बारीक फट पडते. थोडे थोडे कंपोझिट लावून ते कठीण करीत जाण्याचे एक कारण हेच.

दुसरे, गरम चहा प्यायल्यावर दात जितका प्रसरण पावतो त्याहून कंपोझिट अधिक प्रसरण पावते, आणि थंड पाण्याने अधिक आकुंचते. ही ओढाताण दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे चालते. प्रयोगशाळेत जोड तपासताना काढलेले दात आलटून पालटून 5 आणि 55 अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवितात, मग रंगीत द्रवात ठेवतात आणि दात चिरून रंग कोठवर शिरला ते पाहतात.

तिसरे, जागेचा फरक. अशा तपासण्यांत वारंवार दिसून आले आहे की, इनॅमलवरील कडा चांगली टिकते, तर हिरडीजवळची, डेंटिनवर किंवा मुळावर आलेली कडा अधिक पाझरते. हिरडीजवळ इनॅमल मुळातच पातळ असते. डेंटिन ओलसर आणि तंतुमय असल्यामुळे तेथे राळेची पकड वेगळ्या प्रकारची असते आणि काळाच्या ओघात पाण्यामुळे क्षीण होत जाते.

चौथे, काम करताना लाळ किंवा हिरडीचे रक्त लागले तर आम्लाने तयार झालेले खळगे भरून जातात आणि पकड सुरुवातीपासूनच कमजोर राहते.

सारांश असा की, चांगल्या थराखाली चुळीचे पाणी जात नाही. वय झालेल्या किंवा सदोष थराच्या कडेने सूक्ष्म प्रमाणात पाझर होऊ शकतो. साधारणपणे असा थर पाच ते सात वर्षे चांगला राहतो आणि नंतर त्याला दुरुस्ती लागते; निगा आणि सवयी यांवर हा काळ कमी-अधिक होतो.

फुकहांचे मोजमाप

आता मूळ प्रश्न. थर घट्ट असेल तर खालच्या दाताला पाणी लागत नाही. मग हनफी फिकहनुसार गुसल कसे होते?

कंपोझिट नवे आहे, पण दाताला काहीतरी चिकटून बसण्याचा मसला नवा नाही. आपल्या आजी-पणजींच्या काळात दातांना मिस्सी लावण्याची चाल होती आणि पानाचा चुना दातांच्या मुळाशी साचत असे. 'बहिश्ती जेवर'मध्ये असे सांगितले आहे की, मिस्सीचा थर जमला असेल तर तो काढून मग चूळ भरावी, अन्यथा गुसल होणार नाही. 'बहारे शरीअत'मध्ये असे सांगितले आहे की, पानाचा चुना किंवा मिस्सी दातांत अशी जमली असेल की ती खरवडल्याने दातांना अथवा हिरड्यांना इजा होण्याची भीती आहे, तर ते माफ आहे. त्याच ग्रंथात हलणारा दात तारेने बांधला किंवा निखळलेला दात एखाद्या मसाल्याने बसविला आणि त्याखाली पाणी पोहोचले नाही, तर तेही माफ असल्याचे नमूद आहे.

वरवर पाहता मिस्सीविषयीची ही दोन उत्तरे भिन्न वाटतील. नीट पाहिल्यास दोन्हींचे मोजमाप एकच आहे: ती वस्तू इजेशिवाय काढता येते काय? येत असेल तर काढा. काढण्याने दाताला इजा होत असेल तर पाण्याचा हुकूम त्या वस्तूच्या पृष्ठभागावर येतो. ती वस्तूच दाताच्या जागी मानली जाते. नखावर सुकलेली कणीक आणि मेंदीचा रंग यांतील फरक आपण जाणतोच: कणीक काढावी लागते, रंग अडथळा ठरत नाही.

हे मोजमाप कंपोझिटला लावून पाहा. जो जोड पाणी आत जाऊ देत नाही म्हणून आपल्याला भीती वाटते, तोच जोड या थराला दाताचा भाग बनवितो. थर जितका घट्ट, तितका तो दातापासून अलग करणे अपायकारक. आणि जितके अलग करणे अपायकारक, तितकी सवलत स्पष्ट. म्हणून पक्क्या बसविलेल्या व्हिनियरवरून, तसेच दातात भरलेले सिमेंट आणि पक्की बसविलेली कॅप यांवरून चुळीचे पाणी फिरले की चूळ पूर्ण झाली, गुसल पूर्ण झाले, आणि त्या गुसलने पढलेल्या नमाजा पूर्ण झाल्या. त्यांची कजा करण्याचे कारण नाही.

मग सूक्ष्म पाझराचे काय? शरीअतने आपल्याला सूक्ष्मदर्शकाने गुसल करण्यास सांगितलेले नाही. जे डोळ्यांना दिसते आणि हातांना जाणवते त्यावर हुकूम असतो. दंतवैद्याच्या रंगीत द्रवाची कसोटी दाताच्या आरोग्यासाठी आहे, गुसलच्या स्वास्थ्यासाठी नाही. ज्याची खात्री आहे ते केवळ शंकेने रद्द होत नाही, हा फिकहचा मान्य नियम येथे पुरेसा आहे.

तीन निरनिराळ्या स्थिती

पहिली, थर पक्का आहे. पूर्ण तोंडात पाणी फिरवून चूळ भरा. रोजा नसेल तर गरारा करा. एवढे पुरे.

दुसरी, दातांवर चढविण्याचे आणि हाताने काढून ठेवण्याचे आवरण आहे, किंवा काढता येणारी कवळी आहे. तिच्यामुळे दातांना किंवा तोंडाच्या भागाला पाणी पोहोचत नसेल, तर हनफी मताप्रमाणे गुसलच्या वेळी ती काढून चूळ भरणे आवश्यक आहे. येथे इजा नाही, म्हणून सवलतही नाही. दोन्हींना बाजारात एकच नाव असले तरी हुकूम नावावर नसून वस्तुस्थितीवर असतो.

तिसरी, पक्का थर कोठेतरी सुटला आहे. पूर्ण गळून पडला असेल तर दात उघडा झाला; पुढील गुसलमध्ये त्यावर पाणी फिरू द्या. कडा उचलली असेल पण थर अजून धरून असेल, तर नखाने किंवा सुईने तो उचकटू नका. चूळ नीट भरा आणि लवकरात लवकर दंतवैद्याकडे जा. येथे घाई दातासाठी करायची आहे: त्या फटीत अन्न आणि जंतू साचून खालचा दात किडतो.

थर बसविण्याआधी

गुसल होते एवढ्यावरून प्रत्येक व्हिनियर योग्य ठरते असे नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक जाहिलियतच्या काळातील कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले; त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. यावरून बिघडलेला अवयव दुरुस्त करण्याची परवानगी स्पष्ट होते. दात सोन्याने बांधण्याविषयी पुढे इमामांमध्ये मतभेद झाला. कंपोझिट सोनेही नाही आणि चांदीही नाही, त्यामुळे तो वाद येथे येत नाही.

दुसरीकडे, बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये केवळ सौंदर्यासाठी दात घासून फटी पाडणाऱ्या स्त्रियांचा कठोर निषेध आहे. इमाम नववी (रहि.) यांनी स्पष्ट केले आहे की, उपचारासाठी किंवा दातातील दोष दूर करण्यासाठी तसे केल्यास हरकत नाही.

दोन्ही हदीस समोर ठेवून स्वतःला विचारा: मी दोष दूर करीत आहे, की अल्लाहने दिलेला निरोगी दात केवळ मिरविण्यासाठी झिजवीत आहे? यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या पुढे ते असू नये असे भारतीय मानक आहे. तेथील मुलामुलींच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि लग्न जुळविताना तोच डाग मुलीचा दोष म्हणून मोजला जातो. तिने त्यावर उपचार घेतले तर तो दुरुस्तीचाच प्रकार होय. असे दात आम्लाला सहज दाद देत नाहीत, म्हणून तो इतिहास दंतवैद्याला आधी सांगावा.

येथे शरीअतची आणि दंतशास्त्राची शिकवण एकमेकींना मिळते. शरीर ही अमानत आहे, म्हणून निरोगी इनॅमल विनाकारण घासू नये. आणि जोड इनॅमलवरच सर्वांत पक्का बसतो, म्हणूनही ते राखावे. पुष्कळदा कंपोझिटसाठी दात अत्यल्प घासावा लागतो किंवा मुळीच लागत नाही. "किती घासणार?" हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. उपचार रमजानमध्ये येत असतील तर पाणी गिळले जाण्याचा धोका ओळखून इफ्तारनंतरची वेळ मागून घ्या.

कडेची निगा

थराचा कच्चा दुवा त्याची कडा आहे, विशेषतः हिरडीजवळची. मऊ ब्रशने किंवा मऊ केलेल्या मिस्वाकने ती रोज स्वच्छ करा. दातांच्या फटींतून दोरा फिरवा. मिसरी आणि तंबाखू सोडा: मिसरीची भुकटी झिलई खरवडते, आणि तंबाखूचा अपाय तर दातांपुरता थांबतच नाही. पान आणि कडक चहा यांनी थरावर डाग चढतात. सुपारी, बर्फ, हाडे पुढच्या दातांनी फोडू नका. सहा महिन्यांतून एकदा कडा तपासून घ्या.

धड्याचे सार

1. हनफी मतानुसार चूळ गुसलमध्ये फर्ज, वुजूमध्ये सुन्नत. शाफई मतानुसार दोन्हींत सुन्नत.
2. पक्का बसविलेला थर दाताच्या हुकमात; त्यावरून पाणी फिरले की पुरे.
3. हाताने निघणारे आवरण गुसलच्या वेळी काढावे.
4. सूक्ष्म पाझर हा दाताच्या आरोग्याचा प्रश्न आहे, गुसलचा नाही.
5. दोषाची दुरुस्ती जायज. निरोगी दात केवळ मिरविण्यासाठी घासणे टाळावे.

आपली स्थिती याहून वेगळी असेल तर दंतवैद्याकडून वस्तुस्थिती समजून घ्या आणि मग आपल्या मसलकच्या मुफ्तींना विचारा. वस्तुस्थिती अर्धवट सांगितली तर उत्तरही अर्धवट मिळते.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती: मुलीबाळींना "तुझी नमाज होत नाही" असे सांगण्यापूर्वी मसला विचारून घ्या. त्या एका वाक्याने कोणाच्या वर्षानुवर्षांच्या सजद्यांवर शंकेची सावली पडते. अल्लाहने पाकीचा आदेश देताना अडचण नको असे सांगितले. आपण ती आपल्या जिभेने निर्माण करू नये.

अल्लाह आपल्या सर्वांची पाकी आणि इबादत कबूल करो, आणि वसवशांपासून आपले रक्षण करो. आमीन.